महिनाअखेरपर्यंत चार

नाना, काल दुपारी तीन वाजता तुमच्या फोनने पुन्हा एकदा तुमचं कौतुक केलं. टुणकन आवाज झाला. मी चहा टाकत होते, गॅस बारीक केला आणि टीव्हीखालचा खण उघडला. पडद्यावर तेच हिरवं फूल आणि खाली तीच ओळ : 'नाना, आजची नोंद पूर्ण झाली आहे. आजचे दुखणे ४. असेच चालू ठेवा.' तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले आणि तुमचं दुखणं अजून चारच आहे.

पहिल्यांदा हे माझ्या कानावर आलं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. पाहुणे गेलेले, भाड्याची पातेली परत गेलेली, घरात मी एकटी, आणि खणातून टुणकन. सुहास आपल्या वडिलांचा फोन चार्ज करून ठेवतो, बँकेचे ओटीपी त्यावर येतात म्हणून. मी खण उघडला आणि तुमचं नाव दोनदा वाचलं. मग उभ्या उभ्या लक्षात आलं की हे तुम्हीच करून ठेवलंय. महिनाअखेरपर्यंतचे सगळे आकडे भरून गेलायत. एवढं रडून झालं होतं, तरी मी रागाने मोठ्याने म्हणाले, काय हा माणूस. घरात ऐकायला कुणीच नव्हतं.

आज महिन्याची शेवटची तारीख. आज तीन वाजता शेवटचं फूल येईल. उद्याचा रकाना रिकामा आहे, आणि उद्या तो फोन तुम्हाला विचारेल, आज किती दुखतंय? त्याच्या आत हे लिहून मला तुमच्याशी बोलून घ्यायचंय, कारण एक गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. सुहासलाही नाही. तुम्हाला बरंचसं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. तुम्हीच म्हणायचात, शिफ्ट बदलताना मागचं सगळं वाचून दाखवायचं, मगच पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या डाव्या बरगडीखाली नागीण उठली. मी म्हणत होते डॉक्टरकडे चला, आणि तुम्ही गेरू लावून बसलेलात. आरशासमोर उभे राहून रोज विळखा बघायचात, दोन टोकं जुळतात का. जुळली की माणूस जातो, हे तुम्हाला कुणीतरी लहानपणी गावाला सांगितलेलं. मी तुम्हाला हसले होते. टोकं जुळली नाहीत, फोड सुकले, खपल्या पडल्या, आणि दुखणं तिथेच राहिलं. कातडी चांगली दिसायची आणि आत आग. डॉक्टर म्हणाले, नस दुखावलीय, काहींचं असं वर्षानुवर्षं राहतं. बनियनचं कापडसुद्धा तुम्हाला सोसत नव्हतं. शेवटी मी कात्री घेतली आणि तुमच्या सहाच्या सहा बनियनांना डाव्या बाजूला खिडकी कापली. खिडकीचा बनियन घालून तुम्ही गॅलरीत उभे राहायचात आणि शेजारच्या हिराबाईंना सांगायचात, सुनेने एसी बसवून दिलाय. ते बनियन अजून कपाटात आहेत. कुणाला देणार, आणि टाकवत तर नाहीत.

मग दुखण्याच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी ते ॲप दिलं. रोज दुपारी तीनला फोन विचारणार, आज किती दुखतंय, शून्य ते दहा. तुम्ही बोट सरकवून आकडा लावायचा, झोप कशी लागली ते सांगायचं, आणि मग तो फोन दहा मिनिटं श्वासाचा व्यायाम करून घेणार. महिन्याचा आलेख डॉक्टर त्यांच्या टेबलावर बघणार आणि गोळी ठरवणार. घरच्या एका माणसाचा नंबर जोडायचा होता. सात किंवा त्याच्या वर आकडा गेला की त्या माणसाच्या फोनवर घंटा वाजते, आणि त्याने 'पाहिले' असं बटण दाबायचं असतं. तुम्ही माझा नंबर दिलात. मुलाचा नाही, सुनेचा. वर डॉक्टरांना म्हणालात, "ही माझी शिफ्ट इन्चार्ज."

मला केवढा आनंद झालेला. मी पडले लॅबवाली. रक्ताच्या बाटलीवर नाव, वेळ, सही नसेल तर मी ती हातात घेत नाही. आणि तुम्ही तीस वर्षं डोंबिवली एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत बॉयलरवर काढलेली. कंपनी केव्हाच बंद पडली, पण तासातासाला प्रेशर बघून रजिस्टरमध्ये लिहायची तुमच्या हाताची सवय गेली नव्हती. मला वाटलं, जगातल्या सगळ्या पेशंटांमध्ये हे ॲप नीट वापरणारा माणूस कुणाच्या घरी असेल तर तो आमच्या. मूर्ख मी.

पहिल्या आठवड्यात तुम्ही खरे आकडे लिहिलेत. मंगळवारी आठ लावलात, वर्तकनगरला लॅबमध्ये माझा फोन वाजला, मी हातमोजे काढून रिक्षा पकडली आणि वीस मिनिटांत कोलशेतला घरी. तुम्ही दार उघडलंत, चेहरा पांढरा, तरी मला बघून खूश झालात.

"अगं, तू कशाला आलीस?"

"आकडा आला म्हणून आले."

"बरोबर. आमचा इन्चार्ज पण असाच धावत यायचा."

त्या दिवशी तुम्ही मला चहा करून दिलात, दुखत असताना. मी ओरडले, तरी केलात. तसं आणखी दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी घरी तुमच्याजवळ बसलेले आणि लॅबमधून मॅडमचा फोन आला, की असं रोज अर्धा दिवस चालणार असेल तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. माझ्या फोनचा आवाज मोठा. तुम्ही ऐकलंत. कपातला चहा बशीत ओतलात आणि प्यायलात. त्यानंतर तुमचा आकडा कधी सातवर गेला नाही. पुढच्या महिन्यापासून तर चार. रोज चार. मी आपली खूश, की श्वासाच्या व्यायामाने गुण आला. क्लिनिकमध्ये डॉक्टर म्हणाले, वा, किती स्टेबल आहे आलेख. मी येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून तुमच्यासाठी सुतरफेणी घेतली.

मग तो रविवार. नणंदेने फोटो पाठवलेत म्हणून मी तुमचा फोन घेतला, तर मेसेज उघडेचनात. फोनची तारीख चुकीची आहे, दुरुस्त करा, असं सांगत होता. बघते तर काय, तुमच्या फोनमध्ये पुढच्या महिन्याची अखेर चालू. मी दुखण्याचं ॲप उघडलं. पुढचा अख्खा महिना भरलेला. चार, चार, चार. ॲप उद्याचा आकडा आज घेत नाही, म्हणून तुम्ही फोनलाच उद्यात नेलेलंत. एकेक दिवस पुढे ढकलून, बसून, तीस वेळा. हे डोकं तुम्ही कुठून आणलंत?

"नाना, हे काय आहे?"

तुम्ही चष्मा काढलात. "अगं, त्यात काय. आम्ही कंपनीत असंच करायचो. शिफ्टवर आलं की आठ तासांचं रीडिंग भरून टाकायचं. काटा हलतच नाही, तर दर तासाला उठून बघायचं काय?"

"आणि हलला तर?"

"हलला तर खोडायचं. खोडून खरं लिहायचं, खाली सही करायची. इन्चार्ज आला की आधी खाडाखोडच बघायचा. खोडलेलं आहे म्हणजे बघून लिहिलेलं आहे."

"मग चारच का? तीन का नाही?"

"तीन लिहिलं की डॉक्टर गोळी कमी करतो. पाच लिहिलं की वाढवतो, मग दिवसभर झापड. चार बरोबर आहे."

आज मला हे आठवून हसू येतं. त्या दिवशी नाही आलं. मी किती बोलले तुम्हाला. लॅबमध्ये असं कुणी केलं तर नोकरी जाते म्हणाले. डॉक्टरांना फसवलंत म्हणाले. तुमच्यासाठी मी मॅडमची बोलणी खाल्ली आणि तुम्ही इथे बसून आकडे शिजवताय, म्हणाले. तुम्ही एवढंच म्हणालात, "म्हणूनच तर." ते 'म्हणूनच तर' मला तेव्हा ऐकूच आलं नाही. म्हणजे कानावर पडलं, पण मी थांबले नाही. माझं तोंड एकदा सुरू झालं की काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. आणि शेवटी मी ते वाक्य बोलले.

"आता तुम्ही दहा लिहिलंत तरी मी बघणार नाही."

एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. भांडणात माणूस बोलतो. पण मी स्वयंपाकघरात गेले आणि माझ्या फोनवरची त्या ॲपची घंटा बंद केली, पडद्यावर सूचनाही दिसणार नाही अशी. तुम्ही बाहेर होतात. तुम्हाला मी हे सांगितलं नाही.

नंतर आपण नीट बोलत होतो, नाही का? भाजी काय करू, पाणी आलं का, सुहासला उशीर होणार आहे. तुम्ही दोनदा तुमचा फोन माझ्यापुढे धरलात, "बघ तरी," म्हणून. मी मान वळवली. मला वाटलं, पुढच्या तारखेला क्लिनिकमध्ये डॉक्टरांसमोरच काय ते होऊ दे. तोपर्यंत जरा ताणून धरू. तेवढे दिवस तुमच्याकडे नव्हते, हे मला कुठे माहीत होतं.

तो मंगळवार मी इतक्या वेळा मनात चालवून पाहिलाय की आता मला त्याचा प्रत्येक तास पाठ आहे. सकाळी तुम्ही नेहमीप्रमाणे माझा डबा भरून दिलात. लग्नानंतर मी लॅबचा कोर्स करत होते तेव्हापासून तुम्ही तो भरताय. नातेवाईक कुजबुजायचे, सून कॉलेजला आणि सासरा पोळ्या करतो. तुम्ही म्हणायचात, शिफ्टच्या माणसाला डबा लागतो. आणि तुमचा दुसरा नियम, जो तुम्ही अख्ख्या घराला लावलेला : ती ड्युटीवर असताना तिला फोन करायचा नाही. कुणाचं लग्न ठरू दे, कुणी पडू दे, चार ओळी लिहून ठेवा, ती येऊन बघेल. या नियमामुळे माझी नोकरी टिकली, नाना. तुम्ही नसतात तर मला त्या लोकांनी पहिल्या वर्षातच घरी बसवलं असतं. हे मी तुम्हाला कधी तोंडाने सांगितलं नाही, कारण आपल्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती.

हिराबाईंनी तुम्हाला दुपारी पाहिलं. दहाव्याच्या दिवशी त्या आमच्याकडे बसलेल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "तुजा सासरा गॅलरीन उभा व्हता गो. डावे बाजूला हात दाबून. मी म्हनलं, नागीन परत चावतं काय? तं नुसता हसला." सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. डावी बाजू दुखणं म्हणजे तुमची नागीण, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक. कदाचित तुम्हालाही तसंच वाटलं असेल, निदान आधी.

मी साडेपाचला आले. तुम्ही गॅलरीजवळच्या खुर्चीत होतात, दाराकडे तोंड करून, फोन मांडीवर. मी चपला काढत म्हणाले, चहा घेतलात का? आणि मग तुमच्याकडे पाहिलं. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. हृदयाचा झटका म्हणाले, तास-सव्वा तास झाला असेल म्हणाले. दुखणं काही कळलं नसेल यांना, असंही म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून. तेव्हापासून येणाराजाणारा प्रत्येक माणूस मला सांगतो, भाग्यवान होते, बसल्या बसल्या गेले. मी हो म्हणते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी फूल पाहिलं आणि माझ्यातली लॅबवाली जागी झाली. म्हटलं, बघू तरी या माणसाने किती थापा लिहून ठेवल्यात. माझ्या फोनवरचं ॲप उघडलं, भांडणानंतर पहिल्यांदा. वर कोपऱ्यात घंटेचं चित्र आणि त्यावर लाल टिंब. एक सूचना, न पाहिलेली. मंगळवार, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. नानांचे दुखणे ८.

मी तुमच्या महिन्याच्या पानावर गेले. वरपासून खालपर्यंत चार. फक्त त्या मंगळवारी आठ, आणि आठच्या शेजारी एक बारीक पेन्सिल. भरलेला आकडा कुणी बदलला की ते ॲप तिथे पेन्सिल काढतं आणि वेळ लिहितं. इतक्या महिन्यांत तुमच्या पानांवर एकही पेन्सिल नव्हती. त्या दिवशी होती.

काटा हलला होता. तुम्ही उठून बघितलंत, चार खोडलंत, खरं लिहिलंत, आणि इन्चार्जची वाट बघत दाराकडे तोंड करून बसलात.

तुम्ही फोन का नाही केलात, हे मी स्वतःला पहिल्या रात्रीपासून विचारत होते. त्याचं उत्तर मला मिळालं. ड्युटीवरच्या माणसाला फोन करायचा नाही. लिहून ठेवायचं, ती येऊन बघेल. तीन बाराला मी काय करत होते ते मला माहीत आहे. आम्ही तिघी लॅबच्या मागच्या खोलीत पेरू खात होतो, तिखटमीठ लावून. फोन माझ्यासमोर टेबलावर उताणा पडलेला. मी एकदा उचलून वेळसुद्धा बघितली. वीस मिनिटांचा रस्ता आहे, नाना. दुपारी रिक्षा लगेच मिळते.

वाचला असतात की नाही, मला माहीत नाही. मी कुठल्या डॉक्टरला विचारणार नाही, कारण ते नाही म्हणतील आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसणार नाही. मला तुम्हाला वेगळंच विचारायचंय. घंटा बंद आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का? त्या रविवारी स्वयंपाकघराच्या दारातून तुम्ही पाहिलं असेल तर मग तुम्ही आठ कुणासाठी लिहिलात? आणि पाहिलं नसेल तर तो तासभर तुम्ही प्रत्येक रिक्षाच्या आवाजाला कान दिला असणार. दोन्हीपैकी कुठलं बरं, हे मी ठरवू शकत नाही. कधी भाजी निवडताना मला वाटतं तुम्ही हसून म्हणालात, ही रागावलीय, पण येईल. मग मला भाजी बाजूला ठेवावी लागते.

आता जे सांगायचं होतं ते सांगते. त्या सूचनेखाली अजून 'पाहिले' हे बटण तसंच आहे. ते दाबलं की शेजारी तारीख आणि वेळ पडते, तुमच्या रजिस्टरमध्ये इन्चार्जची सही पडायची तशी. परवा दुपारी मी माझ्या फोनची तारीख मागे नेली. हो, तुमचीच युक्ती. त्या मंगळवारवर आणली, तीन वाजून पंधरा मिनिटं लावली. म्हणजे सुहासने कधी हे उघडलं तर त्याला दिसेल की मी तीन मिनिटांत पाहिलं होतं, निघाले होते, रस्त्यात अडकले. घोडबंदरला ट्रॅफिक काय कमी असतो? कुणालाही पटलं असतं. माझं बोट बटणावर होतं. तेवढ्यात मेसेजचं ॲप ओरडायला लागलं, तुमच्या फोनची तारीख चुकीची आहे, दुरुस्त करा. मी खुर्चीत बसले, तुमच्याच, आणि खूप रडले. मग तारीख परत जागेवर आणली. तुम्हाला आकडे शिजवता म्हणणारी मी.

तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे, हे पण लिहून ठेवते. त्या चारांच्या जागी खरं लिहिलं असतंत, सहा, सात, पाच, जे असेल ते, तर माझी घंटा चालू राहिली असती. मॅडमने काढून टाकलं असतं तर टाकलं असतं. ठाण्यात लॅब काय एकच आहे? माझी नोकरी सांभाळायला तुम्ही स्वतःचं दुखणं चारवर बांधून ठेवलंत, आणि मी त्या चाराचाच राग धरला. आपण दोघांनी मिळून केलंय हे. पण शेवटचा आकडा तुम्ही बरोबर लिहिलात, आणि तो बघायचं काम माझं होतं.

आत्ता तीन वाजले. टुणकन झालं. हिरवं फूल, आजचे दुखणे ४, असेच चालू ठेवा. हे शेवटचं.

माझ्या फोनची घंटा मी चालू केलीय, मोठ्यात मोठ्या आवाजावर. सुहास सातला येईल. त्याला चहा देईन, हातपाय धुऊ देईन, आणि मग हे सगळं जसं तुम्हाला सांगितलं तसं पहिल्यापासून वाचून दाखवीन, घंटा बंद केली तेही. तो काय म्हणेल, मला माहीत नाही. त्याचे वडील होते. मग त्याच्यासमोर ते बटण दाबीन. तुमचा आकडा तीन बाराचा, आणि पुढे माझी सही, तीन आठवडे उशिराची, आजच्या तारखेची.